रिकाम्या खुर्चीचे फोटो

खुर्ची आजही रिकामी होती. बजरंगने मोबाईल वर धरला, फोटो काढला आणि वेळ पाहिली. एक वाजून वीस मिनिटं. हा सतरावा.

लोणावळ्याच्या त्या थिएटरात पडदे दोन, ऑपरेटर दोन आणि मशीनच्या खोल्याही दोन. एक नंबर सुश्रुतचा, दोन नंबर बजरंगचा. एका खोलीतून दुसरीत जायचं तर सरळ रस्ता खालून, पॉपकॉर्नच्या काउंटरजवळून होता. बजरंग मात्र मागच्या गच्चीवरून यायचा, मांजराच्या पावलांनी. खिडकीबाहेर दबा धरून बसायचा. आत फोन वाजायचा, सुश्रुत उचलायचा आणि लगबगीने जिना उतरून जायचा. मग बजरंग आत शिरून रिकाम्या खुर्चीचा फोटो काढायचा. फोन कुणाचा ते सांगायला ज्योतिषी नको होता. खाली काउंटरवर कोमल होती.

येत्या एक तारखेपासून दोन्ही मशीन एकाच खोलीतून चालणार होती. माणूसही एकच लागणार होता. कुणाला ठेवायचं ते मॅनेजर राजेंद्रसाहेब ठरवणार होते. तीन महिन्यांपूर्वी हे कानावर आलं, तेव्हापासून बजरंगला धड झोप नव्हती.

बावीस वर्षं झाली होती त्याला इथे. रिळांच्या काळात तुटलेली फिल्म जोडताना त्याने बोटं कापून घेतली होती. तापाने फणफणलेला असतानाही तो सोमाटण्याहून मोटारसायकलवर आला होता, पण शो पडू दिला नव्हता. सुश्रुत येऊन जेमतेम तीन वर्षं. मशीन आता आपलं आपण चालतं. ह्याने बटण दाबायचं आणि लोकांनी ह्याचं कौतुक करायचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! दोन नंबरच्या दारावर तिकिटं बघणारी बयाबाई त्याच्यासाठी डब्यात जास्तीची भाकरी आणायची. कोमल त्याचं नाव निघालं की हसायची. साहेबसुद्धा त्याला सुश्रुतराव म्हणायचे. बजरंगला बावीस वर्षांत कुणी राव लावलं नव्हतं. तो जळत होता, आणि जळतोय हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

त्यात तो चहा. सुश्रुत रोज मध्यंतरानंतर दोन कप चहा आणायचा. स्वतःचा गोड, बजरंगचा बिनसाखरेचा. चूक एकदा होते, फार तर दोनदा. दोन महिने रोज होते ती खोडीच. बजरंग कप ठेवून घ्यायचा. पोराची पाठ वळली की चहा मोरीत ओतायचा आणि मोबाईलमधले फोटो पुन्हा एकदा बघायचा.

स्वतःच्या कामाची त्याला काळजी नव्हती. फोटोसाठी तो वीस-वीस मिनिटं गच्चीवर काढायचा, तरी त्याच्या दोन नंबरबद्दल साहेबांकडे एक तक्रार गेली नव्हती. ह्याला अनुभव म्हणतात, असं तो मनाशी म्हणायचा.

सतरावा फोटो घेऊन तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. एकेक करून सगळे दाखवले. ड्यूटी सोडून हा कुठे उंडारतो ते त्यालाच विचारा, म्हणाला.

राजेंद्रसाहेबांनी शेवटचा फोटो जरा जास्तच वेळ पाहिला. मग बयाबाईला बोलावलं आणि एक-वीसच्या सुमाराला कुठे काही गडबड झाली होती का, असं विचारलं.

झाली होती की, बयाबाई सांगू लागली. दोन नंबरला मध्यंतर संपून सिनेमा सुरू झाला, पण हॉलमधले दिवे काही विझेनात. भुशीच्या धरणावरून ओलीचिंब होऊन आलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली. तिने वर बजरंगच्या खोलीत फोन केला. कुणी उचलला नाही.

"मग म्या एक नंबरला फोन लावला," ती म्हणाली. "सुश्रुत पळत आला अन् त्यानं दिवे घालवले. दर येळंला त्योच येतो, भाऊ. तुमी कुटं असता?"

बजरंगने साहेबांच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. खुर्ची सुश्रुतची होती, पण सतराही वेळा जागेवर नसलेला माणूस तो स्वतःच होता.

तेवढ्यात दोन कप चहा घेऊन सुश्रुत त्याला शोधत केबिनच्या दारात आला. साहेबांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. तुम्ही दोन नंबर सांभाळत होता, तर मला कधी बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं.

सुश्रुत घुटमळला. बजरंगकडे बघून त्याने आवाज खाली घेतला.

"साहेब, भाऊंना रागावू नका. त्यांना बहुतेक शुगर आहे. माझ्या बाबांनाही असंच सारखं उठून जावं लागायचं. चारचौघांत कसं विचारायचं? म्हणून मी नुसती चहातली साखर बंद केली."

खरं का हे, असं साहेबांनी बजरंगला विचारलं. नुसती मान हलवली असती तरी निभावून गेलं असतं. बावीस वर्षांची नोकरी, त्यात आजारी माणूस. साहेबांनी त्याला काढलं नसतं.

बजरंगने आपला कप घेतला. आज पहिल्यांदाच तो बिनसाखरेचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"मला शुगर न्हाई, साहेब," तो म्हणाला. "ह्यालाच ठिवा."

एका भाकरीवरून, एका हसण्यावरून, एका 'राव'वरून तो तीन वर्षं जळत आला होता. त्या पोराचा हेवा करावा असं त्याच्यापाशी खरं काय आहे, ते त्याला आज कळलं.