मागची छोटी सीट

मोटारसायकलवरच्या पोराने मागून लाथ घातली आणि मी सायकलसकट घाटाच्या उतारावर खडीत घासत गेले. कोपर सोललं, तोंडात रक्त आलं. तो चार हातांवर थांबला आणि हेल्मेटमधूनच हसला. "काय काकू, बाळ कुठं सांडलं?"

मी उठले. हवा भरायचा लोखंडी पंप हाती लागला. त्याने गिअर टाकायच्या आत तो मी त्याच्या हातावर हाणला, मग खांद्यावर, मग हेल्मेटवर. गाडीसकट तो आडवा झाला. पंप पुन्हा उगारला, तेव्हा हेल्मेटची काच वर झाली.

कॉलेजात माझ्याच सकाळी आठच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारा, रोल नंबर बेचाळीस.

"मॅडम, नका ना मारू! तुम्ही आहात हे माहीत नव्हतं!"

"म्हणजे दुसरी कोणी असती तर चाललं असतं?"

त्याने काच पुन्हा खाली ओढली. कॅरिअरवरची छोटी सीट त्याच्या लाथेने फाटून लोंबत होती. रविवारी तिथे माझी तीन वर्षांची लेक बसते आणि 'घंटी वाजव ना' म्हणत माझ्या पाठीवर बुक्क्या मारते. उगारलेला पंप मला त्याच्यावर हाणवेना. मग मी तो फेकून दिला.

आठ वाजता ती फाटकी सीट वर्गात टेबलावर ठेवली आणि रक्ताळलेल्या बोटांनी हजेरीपट उघडला.

"बेचाळीस."

"हजर, मॅडम."

"उभा राहा. घाटातल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय."