शेपटीवाला एक

"माय, नीट बघून वाच ना! चुकतंय!" नेटकॅफेतून कावेरी फोनवर ओरडली. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आज संपत होती. शिष्यवृत्ती नाही, तर नर्सिंग कॉलेजही नाही. आणि अर्जाला लागणारा ओटीपी आला होता गावी, मायच्या मोबाइलवर.

"बघूनच वाचते गं. दोन, शून्य, तीन, तीन, दोन, एक."

कावेरीने तेच आकडे पुन्हा टाकले. पुन्हा लाल अक्षरं उमटली. आता एकच संधी उरली होती. ती चिडून काही बोलणार, तेवढ्यात तिला घरातली पाटी आठवली. लहानपणी शाळेतून आल्यावर तीच मायला आकडे गिरवायला बसवायची.

"माय, तो एक कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? वर गोल, खाली शेपटी. तूच तर शिकवलास."

कावेरीने शेवटच्या चौकटीत नऊ टाकला. हिरवी खूण आली.

"झालं, माय!"

"मग माझं काय चुकत होतं?"

"काहीच नाही गं. इंग्रजी नऊ आपल्या एकासारखाच दिसतो. सुट्टीत आले की इंग्रजी आकडेही शिकवते."

"शिकव. पण या वेळी पट्टी नको मारूस, बाई!"