कटकट नावाचा फोल्डर

"साहेब, मेल उघडत नाहीत, कारण ही एकच फाइल फुगलीय," दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरवाल्या बाई म्हणाल्या. "हा 'कटकट' नावाचा फोल्डर. तीन वर्षांचे मेल आहेत, सगळे एकाच पत्त्यावरून."

माझी मान खाली गेली. तो पत्ता माझ्या थोरल्या बहिणीचा. आईच्या माघारी तिनंच मला वाढवलं. तिचा मेल आला की परस्पर त्या फोल्डरात जावा, अशी सोय मीच करून ठेवली होती. त्यातला एकही मी उघडला नव्हता.

"पण सगळे वाचलेले दिसतायत," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला उत्तरही गेलंय. याच मशीनवरून."

मी खुर्ची पुढे ओढली. उत्तरांखाली माझं नाव होतं. 'ताई, गुडघा शेकलास का? रविवारी येतो आणि खिडकीची कडी बसवून देतो.'

तिचा गुडघा दुखतो हेच मला ठाऊक नव्हतं.

ताईचा शेवटचा मेल आज सकाळचा होता. 'कडी घट्ट बसली रे. आज राहायलाच येतोयस, म्हणून तुझी गादी उन्हात टाकलीय.'

बाई माझी नजर चुकवून कीबोर्ड पुसत बसल्या. मी फोन लावला.

"ताई, मी बोलतोय."

ती फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली, "अरे, ऐक तरी, कुणीतरी हुबेहूब तुझा आवाज काढतोय."

फोन दुसऱ्या हातात गेला.

"कोण पाहिजे आपल्याला?" माझ्याच आवाजात, पण माझ्यापेक्षा कितीतरी मायेनं, कुणीतरी विचारलं.

कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

"राँग नंबर," मी म्हणालो.