तिसऱ्या कपाआधी

आणीबाणी लागली आणि असेलेफेचने वुबितकडे कॉफीला येणं बंद केलं. आदिस अबाबाच्या त्या गल्लीत शेजारणीकडून तिसरा, शेवटचा कप न घेता उठणंसुद्धा वाईट दिसतं. ही तर उंबराच चढेना. “आपल्या गप्पा पोलिसांना कळवणारी तीच,” कॉफीला येणाऱ्या बाकीच्या तिघी शेजारणी म्हणायच्या. वुबितलाही ते पटलं होतं.

आज दुसरा कप झाल्यावर ती पाणी आणायला अंगणातल्या नळावर गेली, तर समोर असेलेफेच. वुबितने टोमणा मारलाच, “आमची कॉफी गोड लागेना वाटतं हल्ली.”

असेलेफेचने नळ मोठा सोडला आणि ती हळूच म्हणाली, “तुझ्याकडे कोण काय बोलतं ते कळवायला सांगितलं होतं मला. देशाच्या सुरक्षेसाठी म्हणे. मी सांगितलं, मी जातच नाही तिच्याकडे. आणि खरंच यायची थांबले.”

“मग?”

“मग काय, पुन्हा कुणी विचारायला आलं नाही. दुसरं कुणीतरी मिळालं असेल त्यांना.”

वुबितने घरात येऊन कॉफीच्या भांड्यात पाणी ओतलं, ते निखाऱ्यावर ठेवलं. तिघींनी एकदमच विचारलं, “काय म्हणत होती गं ती?”

वुबितने तिघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय म्हणे तिची.”