दहा मोजेपर्यंत

दिपिकाला धीर म्हणून नाहीच. समूने चित्राकडे बघून तोंड उघडलं, की शब्द हिच्याच तोंडातून बाहेर. म्हणून समूला बोलायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट रमाताईंनी नियम घातला होता. प्रश्न विचारायचा, मग एकेक बोट मिटत दहा मोजायचे आणि तोवर आईने गप्प बसायचं. सात वर्षांच्या समूला डाउन सिंड्रोम आहे. तिला शब्द यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिला कुणी देत नाही, असं रमाताई म्हणायच्या.

छापील चित्रं पुरे झाली, आता घरातल्या समारंभाचे फोटो वहीत चिकटवून गोष्ट करून आणा, असं त्यांनी गेल्या वेळी सांगितलं होतं. दिपिका ते विसरली. आज रोडपालीहून येताना तिने पनवेलच्या एसटी स्टँडसमोर उतरून दिराच्या हळदीचे चार फोटो मोबाइलमधून छापून घेतले आणि रिक्षातच घाईघाईत चिकटवले.

रमाताईंनी पहिलं पान उघडलं. काय चाललंय, असं विचारून बोटं मिटायला घेतली. सहाव्या बोटाला समू म्हणाली, "हयद." पुढच्या पानांवर काका, आजी, पिवळी साडी नेसलेली आई. दिपिका ओठ दाबून बसली होती, पण खूश होती.

वही संपली. समूने ती पुन्हा पहिल्यापासून चाळली, प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून. मग आईकडे वळली.

"समू कुठे?"

हळदीच्या दिवशी समू शेजारच्या हव्वाबींकडे होती. डीजेला घाबरते, असं दिपिकाने सगळ्यांना सांगितलं होतं. घाबरते कसली, ही पोर डीजेसमोर सगळ्यांच्या आधी नाचते. नवरीकडची माणसं बघतील, याची लाज दिपिकालाच वाटली होती. सासू तर चार वेळा विचारत होती, पोर कुठं हाय म्हणून.

रमाताईंनी आपल्या नोंदवहीत तारीख लिहिली. दोन शब्द जोडून समू आजवर कधी बोलली नव्हती.

"उत्तर द्या, ताई," त्या हसत म्हणाल्या. "पहिल्यांदाच विचारतेय. उत्तर मिळालं नाही तर परत विचारायची नाही."

डीजेचं कारण दिपिकाच्या ओठांवर आलं. समू तिच्याकडेच बघत होती. ते कारण तिला सांगवेना.

समूने थोडी वाट बघितली. मग दोन्ही हात वर केले आणि आईसाठी एकेक बोट मिटायला लागली.