सुखरूप पोचलेल्या सायकली

"अहो, सोडा आता त्या सायकली," बायको म्हणाली, आणि गाठोबांचा हात पट्ट्यावर होता तिथेच थांबला.

ट्रेलर नुकताच तळ्याकाठी लागला होता. मुक्कामाला पोचल्यावरही गाठोबा सायकलींचे पट्टे एकदा आवळून घेत. उभ्या गाडीवरून सायकल पडल्याचं कुणी ऐकलं नसेल, पण जग निष्काळजी आहे यावर त्यांचा ठाम विश्वास होता. काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं पॅकिंग केलेला माणूस. त्यांनी बांधलेल्या खोक्यातला एक पेला कधी फुटला नाही. गाठोबा हे नाव तिथलंच. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

निवृत्तीनंतर दोघांनी गाडीमागे ओढायचा हा छोटा ट्रेलर घेतला. आत दोन बाकं, एक शेगडी, आणि भांडण झालंच तर तोंड फिरवून बसायला जेमतेम जागा. बायकोनं हट्टानं दोन नव्या सायकली घेतल्या. झाडांखालून, पाण्याच्या कडेनं दोघांनी शेजारी शेजारी जायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि गाठोबांना सायकल येत नव्हती.

लग्न ठरताना त्यांनी हे सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. पुढे सांगायची लाज वाटली. मग इतकी वर्षं लोटली की नुसतं येत नाही म्हणून भागलं नसतं, इतकी वर्षं गप्प का बसलात तेही सांगावं लागलं असतं. लहानपणी एकदा भर गल्लीत पडले होते. गुडघा आठवड्यात बरा झाला. गल्लीचं हसणं काही बरं झालं नाही. आणि बायको तर शाळेच्या नोकरीवर वीस वर्षं सायकलनं गेलेली. तिच्यासमोर या वयात लटपटण्यापेक्षा बांधलेलं बरं.

म्हणून ते बांधत. ट्रेलरच्या मागच्या टोकाला हादरे जास्त बसतात, म्हणून त्यांनी तिथल्या सायकली अडकवायच्या स्टँडला खालून लोखंडी टेकू लावून घेतला. जड सायकल आत, हलकी बाहेर. रंग खरवडू नये म्हणून दोन्हींच्या मधे जुन्या ट्यूबचे तुकडे. पुढचं चाक वाऱ्यानं वळू नये म्हणून त्याला वेगळा पट्टा, पेडल गरगरू नये म्हणून त्याला वेगळा. निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबून पाहणी, पुढे दर पन्नासाला. एकूण बांधणी अशी, की सोडायचं नुसतं नाव काढलं तरी ऐकणाऱ्याला दम लागावा.

दर मुक्कामी बायको विचारायची. गाठोबांकडे उत्तर तयार असायचं. डोंगरात उतार फार, समुद्राकाठी खारी हवा चेनला वाईट, सपाटीवर कुत्री. शिवाय सोडायला एक तास आणि परत बांधायला दोन. चार वर्षं सायकली देशभर फिरल्या, स्वतःच्या चाकांवर मात्र पाव किलोमीटरही गेल्या नाहीत. यंदा निघाल्यापासून तिनं विषयच काढला नव्हता. सुटलो, असं गाठोबा मनात म्हणत होते, आणि आज ही म्हणते, सोडा.

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. वारा पडेल असं वाटत नाही, म्हणाले. आणि परत बांधायचं म्हणजे दोन तास.

"परत बांधायच्या नाहीत. तुम्ही पट्टे आवळत होतात तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधल्या त्या दोघी बहिणींना देऊन टाकल्यात मी."

मग तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. कानाच्या दुखण्यानं तिचा तोल जातो. उभी राहते, चालते, पण सायकल आता कायमची बंद, असं डॉक्टरांनी हिवाळ्यातच बजावलं होतं. मला का नाही बोललीस, असं गाठोबांनी विचारलं. त्यावर ती म्हणाली, बोलून काय होणार होतं, गाठी सुटणार होत्या का?

गाठोबांना आधी हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार हायसं वाटलं. मग तिचा गाठींचा प्रश्न आठवला.

ते सोडायला बसले. सगळे पट्टे सुटायला अकरा मिनिटं लागली. बायको घड्याळाकडे बघत होती. सायकलींवर एक ओरखडा नव्हता. टायरवर कारखान्यातून आलेले रबराचे बारीक केससुद्धा जसेच्या तसे होते. दोघी बहिणी आल्या, तोंडभर आभार मानले आणि तिथूनच टांग मारून निघाल्या. तळ्याच्या वळणावर धाकटीनं मोठीला मागं टाकलं. मोठीनं तिला शिव्या घातल्या, त्या पाण्यावरून स्पष्ट ऐकू आल्या.

दोघं पायरीवर बसून बघत राहिली. आता सांगून कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"मला सायकल येतच नाही गं," गाठोबा म्हणाले.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून. बाजारातून माझी सायकल आणायला पाठवलं होतं, ती तुम्ही हातात धरून चालत आणलीत. चाकांत हवा टम्म होती."

गाठोबांनी रिकाम्या स्टँडकडे पाहिलं. मग हळूच त्यांनी विचारलं, ठाऊक होतं तर दोन कशाला घेतल्यास?

"शिकवणार होते तुम्हाला," ती म्हणाली. "पडू दिलं नसतं. तेव्हा कॅरियर धरून मागं पळता येत होतं मला."