मानाची जागा

ओसाकातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत वर्षअखेरच्या पार्टीला कोणी कुठे बसायचं, यावरून दरवर्षी रुसवेफुगवे व्हायचे. म्हणून यंदा साकाईने सरळ प्रोग्रॅमच लिहिला. पद, नोकरीची वर्षं आणि वय यांवरून प्रत्येकाचे मानाचे गुण काढायचे. सर्वांत जास्त गुणवाल्याला दारापासून सर्वांत लांब, आतल्या कोपऱ्यात बसवायचं आणि मग उतरत्या क्रमाने दारापर्यंत यायचं.

हॉटेलात सगळे यादीप्रमाणे बसले, तेव्हा साकाईला चूक दिसली. एप्रिलमध्ये लागलेली तोमिता मानाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि निवृत्तीला आलेले निवा साहेब दाराशी, थेट चपलांच्या शेजारी!

"साहेब, माफ करा, क्रम उलटा लागलाय. आत्ता बदलते."

"राहू दे गं. कॉम्प्युटरच्या शब्दाबाहेर आपण कोण जाणार?" साहेब खुशीत म्हणाले. "बोल, तुला काय मागवू?"

 साकाईने तिथेच लॅपटॉप उघडला. क्रम उतरता लावणारं, गुणांआधीचं उणे चिन्ह कोणीतरी काढलं होतं, तेही आजच दुपारी. बदल करणाऱ्याचं नाव होतं निवा. बदलाखाली कारण लिहायचंच, हा नियम साहेबांनीच घातलेला, आणि तो त्यांनी पाळलाही होता: 'कोपऱ्यातून लघवीला जायचं तर सात जणांना उठवावं लागतं. बावीस वर्षं कळ काढली.'